वर्गात समजतं, पण पेपरात सुटत नाही

प्रश्न : मॅडम, कॉलेजचं पहिलं वर्ष चालू आहे. शाळेत केमिस्ट्रीत चांगले मार्क पडायचे, इथे पहिल्याच टेस्टमधे ४० पैकी ११ आले. सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा सगळं समजतं, घरी वही उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मोल आणि लिमिटिंग रिएजंट इथेच अडकलोय आणि वर्ग पुढे पळतोय. नोट्स तीन तीनदा वाचतो तरी तीच गत. माझं डोकंच या विषयाचं नाहीये का?

उत्तर : डोक्याचा प्रश्नच नाहीये रे, हे आधी मनातून काढून टाक. नोट्स तीन तीनदा वाचतो असं लिहिलंयस ना, घोडं तिथे अडलंय. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असंच वाटायला लागतं, पण पेपरात कोरा कागद असतो आणि पहिली ओळ तुलाच लिहायची असते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर लिहिणारे. म्हणून वर्गात झालेलं गणित त्याच संध्याकाळी उत्तर झाकून सोडव, अडलास तर एकच ओळ उघडून बघ आणि परत झाक. दोन दिवसांनी तेच गणित आकडे बदलून करून बघ. सुरुवातीला खूप वेळ जाईल आणि चिडचिड होईल, होऊ दे.

आता मोल. डझन म्हटलं की १२, तसं मोल म्हटलं की ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढे कण. हा निव्वळ मोजण्याचा शब्द आहे. आकडा एवढा अवाढव्य का, तर कण अतिशय बारीक आणि आपला तराजू ग्रॅममधे बोलतो, त्यामुळे रेणुभार जेवढा तेवढे ग्रॅम घेतले की बरोबर एक मोल भरावा अशा बेताने तो ठरलाय. पाण्याचा रेणुभार १८, म्हणजे १८ ग्रॅम पाणी एक मोल. समीकरणाला ग्रॅम कळत नाहीत, त्याला फक्त किती कण एवढंच कळतं. आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ वह्यांमधे चूक हीच असते, ग्रॅम सरळ समीकरणात घातलेले असतात.

लिमिटिंग रिएजंट म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि पुढचं सगळं थांबवतो तो, त्याचंही तेच आहे. १० सायकलींचे सांगाडे आणि १४ चाकं असतील तर सायकली किती? ७ होतील, चाकं संपतील आणि ३ सांगाडे उरतील. आकड्याने चाकं जास्त होती तरी तीच आधी संपली, कारण एका सायकलीला दोन लागतात. आता हेच हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर लाव. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन मिळून पाणी होतंय, आधी काय संपेल? हायड्रोजन, कारण तो फक्त १० ग्रॅम आहे, असं पटकन तोंडातून निघतं. मोल काढून बघ. हायड्रोजनचा रेणुभार २, म्हणजे ५ मोल. ऑक्सिजनचा ३२, म्हणजे २ मोल. समीकरण सांगतं की ऑक्सिजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन लागतात, म्हणजे २ मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन पुरे. आपल्याकडे आहेत ५. संपला तो ऑक्सिजन. पाणी झालं ४ मोल म्हणजे ७२ ग्रॅम, आणि हायड्रोजन उरला १ मोल म्हणजे २ ग्रॅम. आता बेरीज कर, ७२ आणि २ चौऱ्याहत्तर, आणि सुरुवातीलाही १० आणि ६४ मिळून चौऱ्याहत्तरच होते! हा ताळा जुळला की जो आनंद होतो ना तो मला अजूनही होतो, आणि ताळा घ्यायची सवय लागली की उत्तर बरोबर आहे का हे कोणाला विचारायला जावं लागत नाही.

प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचा कंटाळा करू नकोस. वायूच्या गणितात आर, म्हणजे वायूचा स्थिरांक, कधी ०.०८२१ घ्यायचा आणि कधी ८.३१४ हे पाठ करायची गरजच पडत नाही, दाब ॲटमॉस्फिअरमधे आणि आकारमान लिटरमधे असलं तर पहिला, उत्तर ज्यूलमधे हवं असलं तर दुसरा, एकक आपोआप सांगतं. तापमान मात्र दोन्हीकडे केल्विनमधेच, २५ अंश सेल्सिअस म्हणजे २९८.

आणि सरांना जाऊन भेट. मला मोलच समजत नाही असं म्हटलंस तर ते तरी कुठून सुरुवात करणार, त्यापेक्षा अडलेली वही उघडून दाखव आणि बोट ठेव, इथपर्यंत आलं, पुढचं गुणोत्तर कुठून आलं ते कळत नाही. ११ मार्क पहिल्या टेस्टचे आहेत, वर्ष अजून पडलंय.

प्रश्न : सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड यात कायम गोंधळ होतो. हे पाठच करायचं का?

उत्तर : हो, एवढं पाठच करायचं. नेहमी लागणारे वीसेक आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यांच्या चार्जसकट पाठ हवेतच, ते कच्चे राहिले तर फॉर्म्युला चुकतो, मग समीकरण आणि मग अख्खं गणित. पण जोडीने कर, सल्फेटमधे ऑक्सिजन चार, सल्फाइटमधे तीन, सल्फाइडमधे ऑक्सिजन नाहीच, आणि चार्ज तिघांचाही उणे दोन. नायट्रेट आणि नायट्राइटलाही तसंच, तीन आणि दोन, चार्ज उणे एक.

प्रश्न : टायट्रेशनची माझी रीडिंग्ज कधीच जुळत नाहीत, प्रत्येक वेळी रंग गडद गुलाबी होऊन जातो. काय चुकतंय?

उत्तर : टायट्रेशन म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून किती लागलं ते मोजायचं, आणि रंग पहिल्यांदा बदलून टिकतो तो एंड पॉइंट. गडद गुलाबी म्हणजे तू तो ओलांडून गेलीस गं. ॲसिडमधे फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा सूचक घालून वरून अल्कली सोडतो तेव्हा हवा असतो तो अगदी फिका गुलाबी, असा की खाली पांढरी टाइल ठेवल्याशिवाय धड दिसू नये, आणि हलवल्यावर अर्धा मिनिट टिकला की बस. नंतर तो उडाला तर घाबरू नकोस, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने उडतो. पहिलं रीडिंग घाईचंच घे, अंदाजापुरतं. समजा ते १८ मिलिलिटर आलं, तर पुढच्या वेळी १७ पर्यंत झरझर सोड आणि तिथून एकेक थेंब.

रीडिंग न जुळायची आणखी कारणं सुरुवातीलाच दडलेली असतात. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली ती मापाच्या खुणांची काचेची नळी, ज्या द्रावणाने भरायची त्यानेच आधी विसळून घे, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, द्रावणाने विसळलास तर मोजून घेतलेल्यापेक्षा जास्त द्रावण आत जातं. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो मधेच निघून जातो आणि न वापरलेलं द्रावण वापरलं म्हणून मोजलं जातं, तेव्हा सुरू करायच्या आधी तोटी पूर्ण उघडून तो काढून टाक. वरचं फनेलही काढून ठेव, त्यातून थेंब गळत राहतात.