परदेशात गाजलेला सिनेमा खरंच ‘आपला’ असतो का?

तुम्ही विचारलंय की फ्रान्समधल्या कान, इटलीतल्या व्हेनिससारख्या चित्रपट महोत्सवांत ज्या भारतीय सिनेमांचं कौतुक होतं, ते तिकडच्या लोकांना आवडतील असेच बेतलेले असतात का, आणि तसं असेल तर त्यांना भारतीय का म्हणायचं.

मी मराठी आणि हिंदी सिनेमांची इंग्रजी सबटायटल्स लिहिते. हा प्रश्न मला कामात एकेका वाक्यापाशी भेटतो, म्हणून उत्तर द्यायला बसले. काही सिनेमे तसे बेतलेले असतात, बरेचसे नसतात. ते ओळखायचं कसं, तर पात्रं एकमेकांशी बोलताहेत की लांब कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाला समजावून सांगताहेत, ते ऐकायचं.

मागे माझ्याकडे एक पटकथा आली होती. परदेशी निधीसाठी अर्ज करायचा म्हणून तिचं इंग्रजी करायचं होतं. त्यात एक म्हातारी वारीला निघण्याच्या आदल्या रात्री मुलाला सांगते की पंढरपुरात विठ्ठलाचं देऊळ आहे आणि आषाढीला लाखो लोक तिथे चालत जातात. कुठली आई आपल्या पोटच्या पोराला हे सांगेल? मी दिग्दर्शकाला विचारलं. तो ओशाळून म्हणाला की आधीच्या खर्ड्यात ते नव्हतं, पण वाचणाऱ्यांनी ‘संदर्भ कळत नाही’ असा शेरा मारला. आधीचा खर्डा मी मागवून घेतला. तिथे म्हातारी एवढंच म्हणत होती, “यंदा गुडघे साथ देतील असं वाटत नाही. पण तुळस काढून ठेव.” सगळी वारी त्यात होती. फार वाईट वाटलं मला. म्हणून तुमची शंका निराधार आहे असं मी म्हणणार नाही.

पण हे दुखणं महोत्सवांपुरतं नाही. मोठ्या हिंदी सिनेमाला महाराष्ट्र दाखवायचा असला की नऊवारी, नथ, लेझीम आणि गुलाल एकाच गाण्यात येतात. तेही परक्याला दाखवण्यासाठी चढवलेलं रूपच आहे. फक्त तो परका देशातलाच असतो.

आता उलट बाजू. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल यांनी तो पुण्यात काढला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला. तो परदेशासाठी काढलेलाच नव्हता. त्यातली तुकारामांची बायको जिजाई आठवा. पोर आजारी, घरात काही नाही, नवरा भजनात. ती तडक देवळात जाते, हातात वहाण घेऊन, विठोबाला जाब विचारायला. बाहेरच्या प्रेक्षकाला हा देवाचा अपमान वाटू शकेल. आपल्याला वाटत नाही, कारण विठोबाला शिव्या घालण्याचा हक्क आपल्याकडे जनाबाईपासून चालत आलाय, तो घरातला माणूस आहे. सिनेमा हे कुणालाही समजावत बसत नाही. त्या प्रसंगात जिजाई झालेल्या गौरीबाईंचा आवाज असा काही लागतो की समजावण्याची गरजही पडत नसावी.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चंही असंच. कानचा पुरस्कार १९५६ चा, पण कलकत्त्यात तो १९५५ मध्येच लागला आणि लोकांनी उचलून धरला. बंगाली वाचकांच्या घरात विभूतिभूषणांची मूळ कादंबरी आधीपासून होती. तरीही पुढे १९८० मध्ये नर्गिस यांनी सत्यजित राय परदेशात भारताची गरिबी विकतात अशी टीका केली. तेव्हा त्या राज्यसभेच्या खासदार होत्या. म्हणजे तुमचा प्रश्न जुना आहे, आणि मोठ्या माणसांनी विचारलेला आहे. मला नर्गिस यांचं म्हणणं पटत नाही. त्यातली दुर्गा पावसात भिजते तेव्हा राय गरिबी दाखवत नसतात, एक मुलगी दाखवत असतात.

तोच वाद २०२४ मध्ये पुन्हा झाला. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कानमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तब्बल तीस वर्षांनी पोचला होता. इकडे फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ऑस्करसाठी ‘लापता लेडीज’ निवडला. निवडीबद्दल माझी तक्रार नाही, आवडनिवड असतेच. पण फेडरेशनचे अध्यक्ष म्हणाले की समितीला कपाडियांचा सिनेमा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, त्यानं मला चीड आली. सिनेमात फ्रेंच पैसा आहे, हे खरं. पण बायका मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलतात. छाया कदम यांनी केलेली पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर ती राहते त्या घराचा एकही कागद तिच्या नावावर नाही, बिल्डर दारात उभा आहे, आणि शेवटी ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडे गावी परतते. मुंबईत ही बाई तुम्हाला भेटली नसेल असं होणारच नाही. यात युरोप कुठे आहे?

बहुतेकदा ‘युरोपीय’चा अर्थ ‘संथ’ असा असतो. ही समजूत आपण का करून घेतली, मला कळत नाही. विलंबित ख्यालात गवई एकेका सुरापाशी थांबतो, आलापीला अर्धा तास घेतो, आणि कुणी त्याला युरोपीय म्हणत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्यात शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून मोटरसायकलवर जातो, कानात माई या जुन्या गायिकेचं ध्वनिमुद्रित बोलणं चालू असतं, आणि दृश्य इतकं सावकाश सरकतं की आपला श्वास त्याच्या लयीत पडतो. ती लय बाहेरून आणलेली नाही. ज्या गाण्याबद्दल सिनेमा आहे, त्याच गाण्याची ती लय आहे.

आता परदेशी मान्यतेबद्दल, माझ्या कामाच्या बाजूने. सबटायटलला साधारण दोन ओळी मिळतात, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि वाचायला काही सेकंद. एका सिनेमात नायिका नवऱ्याचं घर कायमचं सोडते. उंबऱ्यात ती सवयीने सासूला म्हणते, “येते मी.” आणि थबकते. आपण ‘जाते’ म्हणत नाही, म्हणून हा प्रसंग आहे. इंग्रजीत काय लिहू? दोन दिवस झगडून मी ‘सी यू’च्या जवळपासचं काहीतरी लिहिलं. परदेशातल्या महोत्सवात त्या प्रसंगाला प्रेक्षागृह शांत होतं, असं दिग्दर्शिकेने कळवलं. पुढे पुण्यातल्या खेळाला मी स्वतः होते. “येते मी” ऐकल्याबरोबर माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंना हुंदका फुटला. तिकडे त्याच सिनेमाला बक्षीस मिळालं, आनंदच झाला मला. पण तो हुंदका तिकडे पोचणं शक्य नव्हतं.

म्हणून बक्षीस मिळालं की सिनेमा आपला राहत नाही, असं मानू नका. तिकडच्यांनी जेवढा त्यांच्यापर्यंत पोचला तेवढ्याला दाद दिलेली असते. उरलेला इथे असतो, आणि तो बघायला आपण थिएटरात जातो का, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

एक करून बघा. ताम्हाणे यांचाच ‘कोर्ट’ लावा. २०१४ मध्ये व्हेनिसला ऑरिझोंती विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला, शिवाय पहिल्या सिनेमासाठीचा लायन ऑफ द फ्युचरही मिळाला. सबटायटल्स बंद करा. त्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी आहे. सबटायटलमध्ये ते सगळं एकाच इंग्रजीत सपाट होतं. बचावाचा वकील घरी कुठल्या भाषेत बोलतो, सरकारी वकील बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते तेव्हा तिचा आवाज किती बदलतो, आणि खटला चाललेल्या शाहिराची मराठी कोर्टाच्या मराठीपासून किती लांब आहे, ते नुसतं ऐका. मग मला सांगा, तो कुणासाठी काढलाय असं वाटलं.