नागपूरच्या मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी शिकतात, मग बोलायला का कचरतात?

नावड नाही हो, धास्ती आहे. तीही मास्तरांची नाही, मित्र हसतील याची. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पण दहावीला ८० गुण लेखी, तोंडी वगैरेला २०. आणि ते २० कसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे! त्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ऑटोत, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आपली मराठी-हिंदी मिसळ मस्त चालते, इंग्रजी बोलणारा मात्र ‘शायनिंग मारतो’ ठरतो. हीच मुलं मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीतल्या नोकरीसाठी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरतात. म्हणजे इंग्रजी हवी, पण मुलाखतीपुरती. माझ्या मते क्लासपेक्षा दोन मित्रांनी रोज थोडा वेळ, चुकत-माकत का होईना, बोलावं. व्याकरण मागून सुधारता येतं.