‘मोटलीज लॉ’ हा माहितीपट पाहून फौजदारी वकिलीत उतरावंसं वाटतंय. त्यातून खरोखर काय घेण्यासारखं आहे?

तुम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि घरचे म्हणतात, असलं धाडस पडद्यावरच शोभतं. मी म्हापशाला सतरा वर्षं वकिली करते. हा माहितीपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मलाही फक्त धाडस दिसलं, दुसऱ्यांदा त्यातल्या किंबर्ली मोटली या वकिलाची तयारी दिसली.

मोटली मूळची अमेरिकेतल्या मिलवॉकीची. २००८ मध्ये अफगाण वकिलांना शिकवायच्या नऊ महिन्यांच्या कामासाठी ती काबूलला गेली आणि तिथेच वकिली करू लागली. नवरा आणि तीन मुलं तेव्हा अमेरिकेत. अफगाण न्यायालयात खटले लढवणारी ती पहिली परदेशी वकील. पैसा हेही तिथे राहण्याचं एक कारण होतं, आणि माहितीपट ते झाकत नाही, हे मला फार आवडलं.

पण तुम्ही तिची एक वेगळी केसही समजून घ्या. तिने ती २०१४ च्या एका भाषणात सांगितली होती. एका बापाला अडीच हजार डॉलरचं कर्ज फेडता येईना. जिरग्याने, म्हणजे तिथल्या पंचांनी, त्याची सहा वर्षांची मुलगी सावकाराच्या एकवीस वर्षांच्या मुलाला द्यायची ठरवली. एका देणगीदाराने कर्ज फेडलं. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. मोटलीने मात्र पुन्हा जिरगा बसवला आणि त्याच रिवाजाच्या चौकटीत ती सोयरीक मोडून घेतली. मुलींना असं देऊन टाकणं २००९ च्या तिथल्या कायद्याने गुन्हाच होता. कायदा होता, पण तो कुणी वाचून दाखवत नव्हतं.

हे मला इतकं भिडलं त्याला कारण आहे. डिचोलीकडची एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा जमीन परस्पर विकायला निघालेला. “बाये, कागदार म्हजें नांव ना,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाजीच्या पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लग्ननोंदणीचा दाखला काढला, घड्यांवर फाटत आलेला. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि बायकोच्या संमतीशिवाय जमीन विकता येत नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी तो दाखला टेबलावर सरळ करून ठेवला आणि म्हटलं, तुमचं नाव ह्यातच आहे.

एक मात्र खटकलं. मोटलीचा सगळा कारभार खलील या तिच्या अफगाण सहायकाच्या आधारावर चालतो, पण कॅमेरा त्याच्यावर फार रेंगाळत नाही. तिला विमान पकडून घरी जाता येत होतं. त्याचं घर काबूल होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर तिथल्या अडीचशेहून अधिक महिला न्यायाधीशांचं काम सुटलं, आणि त्यांनी शिक्षा दिलेले गुन्हेगार तुरुंगातून बाहेर आले. कित्येकींना लपून राहावं लागलं. माहितीपट त्याआधीचा, २०१५ चा, पण आता पाहताना हे मनातून जात नाही.

घरच्यांशी वाद घालू नका. जामिनाचे अर्ज असतील त्या दिवशी सकाळी न्यायालयात येऊन मागच्या बाकावर बसा, आईलाही आणा. दुपारपर्यंत थांबा. अर्ज वाचताना कोणता वकील कलम तोंडपाठ सांगतो आणि कोण कागद चाळत बसतो, ते तुम्हा दोघींनाही दिसेल.