पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधी वाच

अगं, मेसेज वाचला तुझा. आपल्या कॅन्सर पेशंटच्या अभ्यासात आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट, म्हणून सिलेक्शन झालं त्याचं कौतुक फोनवर करीनच, पण शेवटी तू जे विचारलंस ना, की ताई, पेशंटशी बोलताना मलाच रडू आलं तर, त्याचं उत्तर दोन ओळींत द्यायला जमेना म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सवडीने वाच.

तर, रडू येतं. मलाही आलंय, एकदा तर समोरच्या काकूंनीच मला टिश्यू काढून दिला. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्याला धीर द्यायची जी घाई असते ना, त्याने.

माझाच किस्सा सांगते. नवीन होते, एका काकांची एचएडीएस, म्हणजे मनावरचा ताण मोजायची प्रश्नावली, भरून घेत होते. ही तुला रोज लागणार आहे, 14 प्रश्न, 7 अँग्झायटीचे आणि 7 डिप्रेशनचे, प्रत्येकाला 0 ते 3. काकांची ट्रीटमेंट संपून आठ महिने झालेले, रिपोर्ट चांगले. ताण जाणवतो का या प्रश्नाला ते म्हणाले "बऱ्याचदा", आणि मी पटकन बोलून गेले, "आता तर सगळं नॉर्मल आहे ना काका, कशाला काळजी करता?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हसले, म्हणाले, "हो हो, खरंय तुमचं, कधीकधी लिहा." आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न नाही, नाही, अजिबात नाही असे भराभर संपवून उठले. घरी सगळे जे म्हणत असणार तेच मीही म्हणाले होते. कागदावर माणूस एकदम ठणठणीत दिसत होता आणि तो फॉर्म मीच खराब केला होता, माणसाचं बोलणं बंद पाडलं ते वेगळंच.

म्हणून गप्प बसायला शिक. म्हणजे दगडासारखं नाही, मान हलव, "हं" म्हण, वेळ दे, पण उत्तर आलं की त्यावर आपली फुंकर घालू नकोस. मला हे जमायला वर्ष गेलं, अजूनही कधीकधी जीभ वळवळते.

ट्रीटमेंट संपली म्हणजे सुटलो, असं बाहेरच्यांना वाटतं. फिट्झह्यू मुलन नावाचे डॉक्टर होते, स्वतः कॅन्सरमधून गेलेले, त्यांनी 1985 मध्ये एक लेख लिहिला आणि सर्व्हायव्हल म्हणजे एक रेघ नाही, त्याचे वेगवेगळे टप्पे असतात असं मांडलं, त्यातला ट्रीटमेंट संपल्यानंतरचा जो टप्पा आहे तोच आपल्या अभ्यासाचा. हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबतात, रोज विचारपूस करणारी नर्स नसते, घरचे आपापल्या कामाला लागतात आणि नेमकी तेव्हा भीती वर येते. कंबर दुखली तरी मनात एकच शंका. स्कॅनची तारीख जवळ आली की झोप उडते, त्यामुळे फॉर्म स्कॅनच्या आदल्या दिवशी भरला की रिपोर्ट आल्यानंतर, हे नोंदवून ठेवत जा, अॅनालिसिस करणारा तुझे आभार मानेल. आणि सर्व्हायव्हर हा शब्द कागदोपत्री निदान झाल्या क्षणापासून लागू होतो, पण कितीतरी जणांना तो आवडत नाही, कोणाला तो मिरवल्यासारखा वाटतो, कोणाला वाटतं उगाच दृष्ट लागेल. ते स्वतःबद्दल जो शब्द वापरतील तोच तू वापर.

आता थोडं फॉर्मचं. एचएडीएस 1983 ची आहे, हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठीच बनवलेली, म्हणून त्यात थकवा, झोप, भूक असलं शरीराचं फारसं विचारलेलं नाही, तरी आपण मंदावल्यासारखे झालोय का असा एक प्रश्न आहेच. पीएचक्यू-9, म्हणजे डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, तिच्यात मात्र झोप, थकवा, भूक तिन्ही आहेत. त्यामुळे कोणीतरी विचारणारच, "हा थकवा मनाचा धरायचा की केमोचा?" समजावत बसू नकोस. "तुम्हाला जसं जाणवतं तसं सांगा" एवढंच, आणि त्यांनी काय विचारलं ते शेजारी लिहून ठेव. प्रश्न कळला नाही म्हणाले तर तसाच परत वाच, आपल्या शब्दांत सोपा करून सांगायचा मोह होईल, पण तू एक अर्थ सांगशील, दुसरी आरए दुसरा सांगेल, मग मोजलं काय आपण?

पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर गप्प बसायचा नियम संपला, तिथून पुढे प्रोटोकॉल, म्हणजे अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरवून दिलेलं असतं ते. म्हणून फॉर्म हातात आला की सगळ्यात आधी तो प्रश्न बघायचा, माणूस खोलीत असताना, गठ्ठा करून शुक्रवारी एन्ट्री करताना नाही. कोणाला फोन करायचा, त्या व्यक्तीने उचलला नाही तर दुसरं कोण, हे नंबर आजच पीआयकडून, म्हणजे अभ्यासाच्या प्रमुखांकडून, मागून घे आणि विचारायला लाजू नकोस. आणि कन्सेंट घेताना "कोणालाच काही सांगणार नाही" असं कधीच बोलू नकोस, जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल हे आधीच सांगायचं असतं. लोक समजून घेतात, खरंतर बऱ्याच जणांना बरंच वाटतं.

एन्ट्रीमध्ये माझा सगळ्यात मोठा राग म्हणजे रिकाम्या जागी शून्य टाकणं. अगं, शून्य म्हणजे "त्रास नाही" असं उत्तर आहे! रिकामं म्हणजे रिकामं, त्याचा कोड वेगळा. आणि राहून गेलंय की मुद्दाम सोडलंय हे ते जायच्या आत हळूच विचार. फॅक्ट-जी या आयुष्याच्या दर्जाबद्दलच्या प्रश्नावलीमध्ये लैंगिक आयुष्याबद्दलचा प्रश्न आहे, तिथे उत्तर द्यायचं नसेल तर खूण करायची सोय फॉर्ममध्येच दिलीय, तिच्याकडे बोट दाखव आणि दुसरीकडे बघ. क्यूएलक्यू-सी30 या तसल्याच दुसऱ्या प्रश्नावलीमध्ये पहिल्या 28 प्रश्नांना 1 ते 4 आणि शेवटच्या दोनांना 1 ते 7, तिथे सहा दिसला की चूक समजून "दुरुस्त" करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात पुन्हा कामकाजाच्या स्केलवर जास्त स्कोअर म्हणजे चांगलं आणि लक्षणांच्या स्केलवर जास्त म्हणजे वाईट. उलटे प्रश्न, म्हणजे ज्यांचा आकडा बाकीच्यांच्या उलट दिशेने मोजायचा असतो ते, हाताने पलटू नकोस, जसं आहे तसं टाक, पलटायचं काम कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर सोड.

फॉलो-अप कॉलचं एक सांगते, हे मला लिहायलाही जड जातंय. सहा महिन्यांच्या कॉलची यादी होती, मी सकाळपासून एकामागून एक नंबर लावत होते, एका ठिकाणी पेशंटच्या मिस्टरांनी उचलला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, मॅडमना आता कसं वाटतंय ते विचारायला फोन केलाय. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "ती गेली, तीन आठवडे झाले." फाइलमध्ये नोंद होती, मी बघितलीच नव्हती. त्या दिवसापासून प्रत्येक कॉलच्या आधी, त्याच दिवशी, स्टेटस चेक, कितीही घाई असू दे. तूही कर. आणि जे फोन उचलत नाहीत त्यांना "इंटरेस्ट नाही" असं लिहून मोकळी होऊ नकोस, बऱ्याचदा ज्यांची तब्येत खालावलीय तेच गळतात, मग उरलेल्यांची सरासरी छान छान दिसायला लागते. कारण कळलं तर कारण लिही, नाही कळलं तर "कळलं नाही" लिही.

दिवसाला दोनच्या वर इंटरव्ह्यू घेऊ नकोस, निदान पहिला महिना. तिसऱ्याला आपण ऐकत नसतो, नुसत्या फॉर्मवर खुणा करत असतो. टीमची मीटिंग असेल तेव्हा जड गेलेलं तिथेच बोल, घरी नेऊन मैत्रिणींना सांगायची सोय आपल्याला नाही, नाव न घेताही लोक ओळखतात.

सोमवारी पहिल्याच आहेत ना त्या काकू, केमोने बोटं बधिर झालेल्या? माझ्या वेळी अशाच एकींच्या हातून पेन तीनदा पडलं, चौथ्यांदा मीच घेतलं आणि त्यांच्यासाठी खुणा केल्या, आणि माझ्यासमोर मोठ्याने उत्तरं द्यायची म्हटल्यावर त्यांची उत्तरं एकदम शहाण्यासारखी व्हायला लागली. म्हणून जाड पकडीचं एक पेन सोबत ने. तरी नाहीच जमलं तर प्रश्न वाचून दाखव आणि तू भर, पण फॉर्मवर वर लिही की आरएने भरला.

तुझी,
ताई