शब्दशंका : ‘आन्सर’पुढे ‘टू’ का नको?

प्रश्न : मुलीने वहीत लिहिलेल्या ‘प्लीज आन्सर टू माय क्वेश्चन’मधला ‘टू’ शिक्षकांनी खोडला. पुस्तकात मात्र ‘द आन्सर टू द क्वेश्चन’ असं सर्रास छापलेलं दिसतं. मग चूक कुठे? आणि आन्सर, रिप्लाय, रिस्पॉन्ड यांत फरक काय?
– एक पालक, मिरज

उत्तर : शिक्षक बरोबर आहेत, पुस्तकही बरोबर आहे. पुस्तकातला ‘आन्सर’ नाम आहे, त्याला ‘टू’ लागतो. वहीतला क्रियापद आहे, त्याला प्रश्न हे थेट कर्म : ‘आन्सर माय क्वेश्चन’. आपण ‘प्रश्नाला उत्तर दे’ म्हणतो, त्यातला ‘ला’ तिथे ‘टू’ होऊन शिरतो.

क्रियापदापुढे ‘टू’ आला की बहुतेकदा अर्थच फिरतो. ‘आय आन्सर टू द कलेक्टर’ म्हणजे माझ्या कामाचा जाब कलेक्टर विचारणार. ‘आन्सर फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा जाब देणं. हे अर्थ शब्दाच्या मुळातच आहेत. जुन्या इंग्रजीत तो ‘अँडस्वारू’ होता. त्यातला ‘अँड’ म्हणजे ‘विरुद्ध’ (आजचा ‘आणि’वाला नव्हे) आणि ‘स्वारू’ हा ‘स्वेअर’चा, म्हणजे शपथ घेण्याचा, भाऊबंद. आरोप खोडण्यासाठी शपथेवर सांगितलेलं ते ‘आन्सर’. स्पेलिंगमधला मुका डब्ल्यू त्या शपथेचाच. आपल्याकडेही पोलीस ‘उत्तर’ नव्हे, ‘जबाब’ नोंदवतात. आणि त्या अरबी शब्दाला फारसी ‘दार’ लागून जबाबदार झाला, तसाच इंग्रजीत ‘आन्सरेबल’.

‘रिप्लाय’ लॅटिनमधल्या ‘उलट दुमडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. प्लायवूडमधला ‘प्लाय’ त्याच घरचा. पत्राला, मेसेजला रिप्लाय, आणि इथे ‘टू’ हवाच : ‘रिप्लाय मी’ चूक, ‘रिप्लाय टू मी’ बरोबर. फोन किंवा दारावरची थाप मात्र ‘आन्सर’च करायची.

‘रिस्पॉन्ड’च्या पोटात लॅटिनमधलं वचन देणं आहे. गणेश मंडळाचा ‘स्पॉन्सर’ही त्याच कुळातला! यालाही ‘टू’ लागतो, पण शब्दांतच उत्तर द्यावं असं नाही. मिरजेच्या दवाखान्यांत ‘पेशंट ट्रीटमेंटला रिस्पॉन्ड करतोय’ कानावर पडतं, ते अगदी योग्य. तिथे ‘रिप्लाय’ चालणार नाही.

जाता जाता, ऑफिसातल्या ‘प्लीज रिव्हर्ट’विषयी. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. भारतात तो ‘उत्तर द्या’ म्हणून चालतो, पण मुलीच्या उत्तरपत्रिकेत नको. आणि ‘रिव्हर्ट बॅक’ तर कुठेच नको, ‘रि’मध्येच ‘परत’ आलेलं आहे.