लुआलाटेक या टाइपसेटिंग प्रोग्रॅममध्ये आपला जपानी फॉन्ट कसा लावायचा?

मुख्य फॉन्ट ठरवणाऱ्या सेटमेनफॉन्ट कमांडमध्ये नाव टाकूनही जपानी अक्षरं जुन्याच फॉन्टमध्ये येतायत ना, कारण लुआटेक-जेए हे जपानीसाठीचं पॅकेज लोड असेल तर ती कमांड फक्त रोमन वगैरे अक्षरांना लागते, जपानीचं खातं वेगळं आहे. लुआटेकजेए-फॉन्टस्पेक हे पॅकेज घ्या आणि सेटमेनजेफॉन्ट वापरा, मधला तो 'जे'च महत्त्वाचा. गॉथिकसाठी, म्हणजे एकसारख्या जाडीच्या रेघांच्या जपानी फॉन्टसाठी, सेटसॅन्सजेफॉन्ट.

फॉन्ट सिस्टीममध्ये इन्स्टॉल नसला तरी चालतं, फाइल डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये ठेवून एक्स्टेन्शनसकट पूर्ण नाव द्या, मला तर हेच जास्त भरवशाचं वाटतं कारण दुसऱ्या मशीनवरही तसंच्या तसं कंपाइल होतं. बोल्डची फाइल बोल्डफॉन्ट ऑप्शनमध्ये वेगळी सांगा. इटॅलिक शोधत बसू नका, जपानी फॉन्टमध्ये सहसा नसतंच.

आणि एक नक्की बघा, फॉन्ट जपानीच आहे ना. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी अक्षरांना बऱ्याचदा एकच कोड असतो, आकार फॉन्ट ठरवतो. 'सरळ' अर्थाची कांजी (जपानीतलं मूळ चिनी अक्षर) घ्या, जपानीत तिच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात काटकोनी रेघ वळते, चिनी फॉन्टमध्ये तिथे नुसती आडवी रेघ. जपानी वाचकाला हे लगेच खटकतं. नोटो सेरिफ सीजेके हा चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट घेत असाल तर नावात शेवटी जेपी असलेलाच घ्या.