शेवंता बदलली म्हणून, की भुतं बोलायला लागली म्हणून?

पडद्यामागून : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘रात्रीस खेळ चाले’ या झी मराठीवरच्या भुताच्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाबद्दल मी एकच वाक्य लिहिलं होतं, की हे पर्व शेवटपर्यंत पाहिलं ते फक्त माधव अभ्यंकरांसाठी, म्हणजे त्यातल्या अण्णा नाईकांसाठी. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. मालिका संपली एप्रिल २०२२ मध्ये. पण लोक अजून मोबाइलवर बघताहेत आणि अजून भांडताहेत. बरं वाटलं. बहुतेकांनी नाव छापू नका असं बजावलंय (नाईकांचा वाडा बघतो हे सांगायला लाज कसली, कोण जाणे), म्हणून नुसता भाग लिहितो.

काका, तिसरं पर्व बुडालं ते शेवंता बदलल्यामुळेच. अपूर्वा नेमळेकर गेली आणि आमच्या अख्ख्या भिशी ग्रुपने बघणं सोडलं. तुम्ही हे स्पष्ट का लिहीत नाही?
(सिडको)

ताई, लिहीत नाही कारण मला ते पटत नाही. अपूर्वाने दुसऱ्या पर्वात पाटणकरची बायको आणि अण्णांची प्रेयसी म्हणून शेवंता उभी केली, ती कित्येक महिने रोज रात्री आपल्या घरात होती. तिसऱ्या पर्वाच्या मध्यावर ती बाहेर पडली आणि कृतिका तुळसकर आली. डोळ्यांना खटकलं, मलाही खटकलं. पण नट बदलला की खेळ संपला, हे निदान नाशिककरांनी म्हणू नये. दादासाहेब फाळक्यांची चित्रपट कंपनी आपल्या नाशकात होती. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही कामं एकाच माणसाने केली होती आणि लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. त्या नटाचं नाव अण्णा साळुंके. म्हणजे तिथेही अण्णाच.

खरं दुखणं वेगळं आहे. मी बरीच वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघांसाठी साईखेडकर नाट्यगृहात लाइट केले. दरवर्षी कुठलातरी संघ भुताचं नाटक घेऊन यायचा आणि दिग्दर्शक मला सांगायचा, ‘भूत आलं की हिरवं जिलेटिन (लाइटवर लावायचा रंगीत कागद) टाक आणि स्पॉट मार.’ मी म्हणायचो, स्पॉट मारला की प्रेक्षक भुताच्या साडीची किंमत काढत बसतो. विंगेत नुसता उजेड हलू दे, आत कोणीतरी आहे एवढं कळू दे. ऐकायचे नाहीत. मग भूत आलं की मागच्या रांगेतून शिट्टी ठरलेली.

पहिलं पर्व, २०१६ चं, अण्णा नाईकांच्या मरणाने सुरू झालं. माणूस गेलेला, पण त्याने करून ठेवलेलं सगळं वाड्यात शिल्लक आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयाने बघतोय. दुसऱ्या पर्वाने घड्याळ मागे फिरवलं, अण्णा जिवंत झाले. आता मला सांगा, दुसऱ्या पर्वात तुम्हाला भीती कोणाची वाटायची? अण्णा ओट्यावर बसून कोणाकडे तरी टक लावून बघायचे, आणि तो माणूस आता वाचत नाही हे आपल्याला कळायचं. तिथे भूत हवंय कशाला? तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघंही मेलेले, दोघंही समोर, आणि दोघंही बोलतायत, बोलतायत, बोलतायत. मेलेल्याला एवढे संवाद दिले की तो घरातला पाहुणा होतो. कृतिकाच्या वाट्याला आली ती ही शेवंता, जिच्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. अपूर्वा असती तरी तिने वेगळं काय केलं असतं?

भिशी ग्रुपला एक विनंती, दुसऱ्या पर्वातला कुठलाही भाग आवाज बंद करून पाहा आणि मग तिसऱ्यातला. पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

आम्ही मागच्या वर्षी तळकोकणात गेलो तेव्हा मुद्दाम आकेरीला थांबून मालिकेतला तो वाडा बाहेरून पाहिला. दिवसा अगदी साधं घर! मुलं हिरमुसली. मग टीव्हीवर ते एवढं भयाण कसं दिसतं? आणि आम्ही स्वतः जुन्या नाशकात वाड्यात राहतो, तो त्याच्यापेक्षा जुना असेल, आम्हाला कधी भीती वाटत नाही!
(तिवंध्याजवळ, जुने नाशिक)

वा, तुमचं पत्र मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. साधं घर आहे म्हणूनच ते चाललं, ताई. कोकणातलं घर मोकळं असतं. पुढे खळं, मागे पडवी, बाजूला विहीर, माड-पोफळी, आणि शेजारचं घर हाकेच्या अंतरावर. त्या ‘हाकेच्या अंतरावर’मध्येच सगळी गोम आहे. रात्री हाक आली तर ती शेजाऱ्याची की आणखी कोणाची, हे ओळखायला उजेड नाही. पावसात वीज गेली की झाडीचा आवाज आणि माणसाच्या चालण्याचा आवाज वेगळा काढता येत नाही. मालिकावाल्यांनी पहिल्या पर्वात हेच वापरलं. घर तेच ठेवलं, भोवतीचा काळोख वाढवला. बाकी एक निळा लाइट, जरासा धूर आणि जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. ही काही जादू नाही, सहायक कॅमेरामनलाही येतं.

तुमच्या वाड्यात भीती वाटत नाही, कारण तिथे एकटेपणाला जागाच नाही. दिंडी दरवाजातून आत आलं की चौक, चौकात चार बिऱ्हाडांचे नळ, वर कडीपाट, आणि माजघरातलं भांडण ओसरीवर ऐकू येतं. भुताने यायचं म्हटलं तरी आधी खालच्या बिऱ्हाडातल्या आजींना उत्तर द्यावं लागेल, ‘कोणाकडे आलात?’ म्हणून.

पण एक सांगू का, न विचारता सांगतोय. जुन्या नाशकात भीती आहे आणि ती पावसाळ्यात असते. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्यातरी वाड्याची भिंत खाली येते. महापालिकेच्या धोकादायक घरांच्या नोटिसा लागतात, मालक-भाडेकरूंचे दावे कोर्टात पडून असतात, आणि लोक तशाच वाड्यात झोपतात. तुमच्या वाड्याच्या मातीच्या भिंतीला ओल आली असेल, तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे भुसा पडत असेल, तर मालिका बाजूला ठेवा आणि आधी जाणत्या माणसाला बोलावून तुळई ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिच्याखाली झोपू नका. आमच्या सदराचा हा विषय नाही, संपादक रागावतील, रागावोत.

सर, मला तर तिसरंच पर्व आवडलं, आणि ते माईंसाठी, अण्णांच्या बायकोसाठी. पहिल्या दोन्ही पर्वांत त्यांनी नुसतं सोसलं. तुम्ही पुरुषमाणसं अण्णांवर खूश, म्हणून तुम्हाला तिसरं आवडत नाही.
(नाशिकरोड, निवृत्त शिक्षिका)

बाई, टोला बसला. माईंचं काम करणाऱ्या शकुंतला नरेंबद्दल मी आजवर या सदरात एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा आज लिहितो. अण्णांचं पात्र करायला दमदार आवाज लागतो, तो अभ्यंकरांकडे आहे. माईचं पात्र करायला समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसण्याची ताकद लागते आणि ते फार अवघड काम आहे. शकुंतलाबाई नवऱ्याचं नाव निघालं की पदर सावरायच्या, त्यात धाक, राग, सवय, सगळं एकदम असायचं. नवरा मेल्यावरही धाक जात नाही, हे भुताच्या मालिकेत त्यांच्याइतकं कोणी दाखवलं नाही.

तरीही तुमच्याशी पूर्ण सहमत होत नाही. माईंना तिसऱ्या पर्वात जागा मिळाली खरी, पण लिहिणाऱ्यांचा त्या जागेवर विश्वास नव्हता. माई आणि घर, एवढ्यावर पाच-सहा भाग सहज गेले असते. तेवढ्यात शेवंता टपकायचीच. आणि अण्णांवर मी खूश नाही हो. घाबरतो त्यांना. आमच्या आळीत तसे एक होते, जिवंतपणी.

अशा मालिका अंधश्रद्धा पसरवतात. जादूटोणाविरोधी कायदा असताना त्या चालतात कशा? तुम्ही कलावंत मंडळी याकडे डोळेझाक करता.
(कॉलेज रोड, अंनिसचा म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यकर्ता)

भाऊ, कायद्यापासून सुरू करू. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर लगेच अध्यादेश आला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याची अनुसूची तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचली असेल. भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, असली कृत्यं त्यात आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे कायदा बघतो ते कृत्य. गोष्ट सांगण्यावर त्यात बंदी नाही, आणि नसावीच. उद्या भुताच्या गोष्टीवर बंदी आली तर आमच्या आज्या सगळ्या तुरुंगात.

पण तुमचा मुद्दा मी झटकत नाही. पहिल्या पर्वात नीलिमा नावाची सून होती, विज्ञान मानणारी, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारी. ती घरात होती तोवर बघणाऱ्याला दोन बाजू होत्या : हे भूत आहे, की कोणी माणूस करतोय? ती ओढाताण हाच त्या पर्वाचा जीव होता. तिसऱ्या पर्वाने हा प्रश्नच काढून टाकला. भूत आहे, ते दिसतं, विषय संपला. तुम्हाला त्यात अंधश्रद्धा दिसते, मला आळशी लेखन दिसतं. आपण एकाच ठिकाणी बोट ठेवतोय, फक्त रागावण्याची कारणं वेगळी.

तुमच्या संघटनेला एक सुचवतो. शाळांमध्ये चमत्कारांचे प्रयोग करता तसा एक प्रयोग मालिकेतल्या भुताचा करा. मुलांसमोर एक खोली, एक बल्ब, डिमर आणि मोबाइल घ्या, आणि भूत कसं बनवतात ते दाखवा. लाइट लावायला मी येतो, चहावर.

मी मूळचा कुडाळचा, अंबडला कंपनीत आहे. तिसऱ्या पर्वातली मालवणी ऐकून डोकं फिरतं. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही.
(अंबड)

तुमच्याकडच्यांनी तर २०१६ मध्येच कोकणाची बदनामी होते म्हणून आवाज उठवला होता. भाषेचं म्हणाल तर मच्छिंद्र कांबळींनी मालवणी राज्यभर नेली ती हसवण्यासाठी. घाबरवायला मालवणी वापरायची हे धाडस या मालिकेने केलं, आणि वाड्यातल्या पांडू या गड्याचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः लेखकही होते, त्यामुळे सुरुवातीला ती भाषा बोलणाऱ्याच्या तोंडची वाटायची. पुढे पुढे ती आम्हा नाशिक-नगरवाल्यांना समजावी म्हणून पातळ होत गेली. दोष थोडा आमचाही. आमच्या घरी ‘इसारलंय’ एवढा एकच शब्द आला आणि तो अजून गॅस बंद करायला विसरलेल्या माणसासाठी वापरतात.

सर, मी हे काहीच पाहिलेलं नाही. हॉस्टेलवर मैत्रिणी म्हणतात आधी दुसरं पर्व बघ, मग पहिलं, मग तिसरं, म्हणजे गोष्ट सरळ लागते. बरोबर का?
(गंगापूर रोड, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी)

नाही गं. गोष्ट सरळ लागेल आणि मजा जाईल. ज्या क्रमाने दाखवली त्याच क्रमाने बघ. पहिल्यात अण्णा कोण होते हे तुकड्या-तुकड्यांत कळतं, प्रत्येकजण वेगळे अण्णा सांगतो. मग दुसऱ्यात ते स्वतः दारातून आत येतात तेव्हा पोटात गोळा येतो, कारण हा माणूस कसा मरणार आणि मागे काय ठेवणार हे तुला माहीत असतं. आधी दुसरं पाहिलंस तर पहिल्यात नुसता पोलीसतपास उरेल.

दुसऱ्या पर्वात मार्च २०२० नंतरचे भाग जरा घाईत गुंडाळल्यासारखे वाटतील, ते लॉकडाउनचं पाप. ऑगस्ट अखेरीस ते संपलंच. तिसरं २२ मार्च २०२१ ला रात्री ११ वाजता सुरू झालं, आणि महिनाभरात राज्यातलं शूटिंग पुन्हा बंद. मग थेट ऑगस्टच्या मध्याला परत. मध्ये चार महिने गेले की नटाची दाढी वाढते, लेखकाचं टिपण हरवतं आणि बघणारा दुसरीकडे जातो. त्यामुळे तिसऱ्या पर्वावर मी वर एवढं तोंडसुख घेतलं असलं तरी पहिले पंचवीसेक भाग जरूर बघ. तिथे वाडा अजून शांत आहे. पुढे कंटाळा आला तर सरळ शेवटच्या आठवड्यावर जा, मध्ये काही चुकणार नाही. आणि हॉस्टेलवर बघणार असशील तर हेडफोन लावू नकोस. या मालिकेतले निम्मे दचके नुसत्या आवाजाचे आहेत, मोबाइलच्या फुटक्या स्पीकरवर ते निम्मेच बसतात आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढे पुरे.